खाण बंद झाली. खाणकामगार कोठे गेला?

वरोरा म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे आनंदवन उभे राहते. परंतु याच वरोऱ्यात एके काळी सरकारी कोळशाची खाण होती, तिच्याकरिता वर्ध्याहून आगगाडीचे रूळ टाकण्यात आले होते, आणि ती खाण १९०६ साली बंद पडली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? रूळ राहिले, पुढे बल्लारपूरपर्यंत गेले, गावही वाढले. जुन्या गॅझेटियरात कोळशाची हकिगत वाचावयास मिळते. परंतु त्या काळोखात रोज उतरणारा माणूस खाण बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे गेला असेल, हा प्रश्न गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाला पडलेला नव्हता.

आमच्या महाविद्यालयात वणी, माजरी, घुग्घुस या बाजूंनी येणारे बरेच विद्यार्थी आहेत. त्यांच्या घरी खाणीची पाळी पाहून जेवणाची वेळ ठरते. म्हणून हा प्रश्न आपणास परका नाही. मात्र त्याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम ब्रिटनमध्ये जावे लागते. कारण कोळशाच्या खाणी आधी तेथे वाढल्या, आधी तेथे संपल्या, आणि त्या संपल्यावर माणसांचे काय झाले याचा अभ्यासही तेथे पुष्कळ झाला.

१९२० साली ब्रिटनमध्ये सुमारे बारा लाख माणसे कोळशाच्या खाणींत राबत होती. १ जानेवारी १९४७ रोजी खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि ‘राष्ट्रीय कोळसा मंडळा’च्या ताब्यात आल्या. त्या दिवशी खाणींच्या दारावर तशा पाट्या लागल्या आणि कामगारांनी तो दिवस सणासारखा साजरा केला. १८ डिसेंबर २०१५ रोजी यॉर्कशायरमधील केलिंग्ली ही शेवटची खोल खाण बंद झाली. बारा लाखांचे शून्य होण्यास पंचाण्णव वर्षे लागली. पण ही पंचाण्णव वर्षे सगळी सारखी नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सामान्यतः असा समज आहे की ब्रिटनच्या खाणी श्रीमती थॅचर यांनी बंद केल्या. आकडे निराळेच सांगतात. १९६० साली तेथे सातशेच्या आसपास खाणी होत्या आणि सहा लाख कामगार होते. १९७० साली खाणी तीनशेच्या आत आल्या आणि कामगारही तीन लाखांच्या आत. म्हणजे एका दशकात निम्म्याहून अधिक पसारा आटोपला, आणि तोही बहुतांश मजूर पक्षाच्या राजवटीत. तेल स्वस्त झाले होते, आगगाड्या डिझेलवर आल्या होत्या. तरीही त्या वेळी मोठा आगडोंब उसळला नाही. कारण बाहेर काम होते. मोटारींचे, विजेच्या सामानाचे कारखाने माणसे मागत होते. स्कॉटलंड आणि डरहॅममधील कुटुंबांना मंडळाने नॉटिंगहॅमशायर व यॉर्कशायरच्या नव्या खाणींवर घर व नोकरी देऊन हलविले. उखडणे झालेच; डरहॅम जिल्ह्यात तर १९५१ च्या आराखड्याने कित्येक खेड्यांना ‘ड’ वर्गात घालून त्यांच्यावर नवा पैसा खर्च करावयाचा नाही असे ठरविले होते. पण उखडलेले रोप लावण्यास दुसरीकडे माती होती.

१९८० नंतर ही माती राहिली नाही. पोलाद, कापड, जहाजबांधणी हे सारेच धंदे एकदम आटू लागले होते. ६ मार्च १९८४ रोजी मंडळाने सुमारे वीस खाणी बंद करून वीस हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. यॉर्कशायरमधील कॉर्टनवुडच्या कामगारांना त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी आपली खाण बंद होणार असे कळले होते. ठिणगी तेथे पडली. आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली वर्षभर चाललेला संप ३ मार्च १९८५ रोजी काहीही पदरात न पडता संपला. पुढे २०१४ साली सरकारी दप्तरे खुली झाली तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांच्या मनात वीस नव्हे तर पंचाहत्तर खाणी होत्या, असे दिसून आले. स्कारगिल संपाच्या वेळी हेच ओरडून सांगत होते. त्यांनी संपासाठी देशव्यापी मतदान घेतले नाही ही त्यांची चूक मला मोठी वाटते. पण या एका बाबतीत ते खोटे बोलत नव्हते. १३ ऑक्टोबर १९९२ रोजी मंत्री मायकेल हेझल्टाइन यांनी उरलेल्या पन्नासपैकी एकतीस खाणींवर एकदम घाव घातला, आणि १९९४ च्या अखेरीस उरल्यासुरल्या खाणी खाजगी मालकांस विकल्या गेल्या.

मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला होता, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. दशक एकच, आणि पुढे जागेचे झाले तेही सारखेच. परळला गिरणीच्या आवारात मॉल उभे राहिले आणि कॉर्टनवुडच्या खाणीवर दुकानांचे संकुल. पण गिरणी कामगाराला भोवताली निदान मुंबई होती. खाणकामगाराला भोवताली काय होते, ते पाहिले पाहिजे.

खाणीचे गाव हे खाणीमुळेच वसलेले असते. जमिनीखाली थर सापडला म्हणून तेथे घरे झाली. नदी, बाजारपेठ, देवस्थान असे गावाला लागणारे दुसरे कोणतेही कारण नसते. घर मंडळाचे, शेगडीतला कोळसा मंडळाकडून फुकट किंवा नाममात्र दराने, आंघोळीची सोय खाणीच्या तोंडाशी, करमणूक खाणकामगार कल्याण केंद्रात, वाद्यवृंदही खाणीचाच. ग्राइमथॉर्पच्या खाणीच्या बँडने तर १९९२ साली, खाण बंद होणार हे जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. या घटनेवरून पुढे एक चित्रपटही निघाला. अशा ठिकाणी खाण बंद होते म्हणजे गावातला एक कारखाना बंद होतो असे नव्हे. गावाचे असण्याचे कारणच संपते.

मग ‘दुसरे काम करा, दुसऱ्या गावी जा’ असे सांगणे सोपे का नाही, ते कळते. पैशाची भरपाई वाईट नव्हती. ऐंशीच्या दशकात तरुण कामगाराला नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे हजार पौंड मिळत. वीस वर्षे काम केलेल्याच्या हाती वीस हजार पौंड म्हणजे त्या काळी लहान रक्कम नव्हे. पुष्कळांनी जुने देणे फेडले. पण ज्या गावातून सारेच बाहेर पडू पाहतात तेथील घराला गिऱ्हाईक नसते. येथले घर मातीमोल आणि काम असलेल्या दक्षिणेकडील शहरात खोलीचे भाडेही न परवडणारे, अशा कात्रीत कुटुंब सापडले की एकरकमी पैसा हळूहळू घरखर्चात विरघळतो.

आता कौशल्याचे पाहू. कोळसा काढणे म्हणजे नुसते अंगबळाचे काम, ही कल्पना खाण न पाहिलेल्यांची. भिंतीशी काम करणारा अनुभवी माणूस छताचा आवाज ऐकून ते उभे राहील की खाली येईल हे सांगतो. हवेचा झोत कमी झाला तर गालाला समजते. शेजारचा गडी घाईत चूक करणारा आहे की भरवशाचा, यावर आपला जीव असतो हे त्याला माहीत असते. डरहॅमकडे अशा जोडीदाराला ‘मॅरा’ म्हणतात. आपल्याकडे खाणीतला माणूस ‘जोडीदार’ ज्या स्वरात म्हणतो तसेच. हे ज्ञान वीस वर्षांत अंगी मुरते. पण नोकरी देणाऱ्या कचेरीत त्याचा दाखला कोठे दाखवावयाचा? फिटर, वीजतंत्री यांच्याजवळ बाहेर चालणारे प्रमाणपत्र होते, त्यांना काम तुलनेने लवकर मिळाले. भिंतीशी काम करणारा, जो खाणीत सर्वात मानाचा आणि सर्वात जास्त पगाराचा, तो बाहेर येताच ‘अकुशल’ ठरला.

कित्येकांनी आणखी एक मार्ग धरला. आपली खाण बंद झाली की शेजारच्या खाणीवर जाणे. तीही बंद झाली की तिसरी. यॉर्कशायरमध्ये सेल्बी येथे १९८३ साली मोठ्या थाटाने नवा खाणसमूह सुरू झाला होता. जुन्या गावांतून माणसे दूरवर प्रवास करून तेथे कामाला जात. २००४ साली तोही बंद झाला. अशा माणसांच्या नशिबी एकाच आयुष्यात तीन-तीन वेळा बेकारी आली, आणि प्रत्येक वेळी वय पाच-दहा वर्षांनी वाढलेले. खाजगीकरणानंतर कित्येकजण त्याच खाणीत ठेकेदाराचे मजूर म्हणून परत उतरले. काळोख तोच, पगार व हक्क मात्र उणे.

या सगळ्यात मला सर्वात विलक्षण वाटलेली गोष्ट आता सांगतो. इतक्या खाणी बंद झाल्यावर कोळसापट्ट्यातील बेकारांचा आकडा आभाळाला भिडावयास हवा होता. तसे झाले नाही. शेफील्ड हॅलम विद्यापीठातील क्रिस्टिना बीटी आणि स्टीव्ह फॉदरगिल या अभ्यासकांनी १९९६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९८१ ते १९९१ या दहा वर्षांत कोळसापट्ट्यातील पुरुषांच्या सुमारे १ लाख ६० हजार खाण-नोकऱ्या गेल्या. पण नोंदलेले बेकार पुरुष वाढले नाहीत, उलट थोडे कमीच झाले. मग माणसे गेली कोठे? काही गाव सोडून गेली, काही रोज दूरच्या शहरात कामाला जाऊ लागली. परंतु फार मोठा गट ‘कायमचे आजारी’ या सदरात गेला होता. बेकार म्हणून नाव लावले तर दर पंधरवड्याला कचेरीत सही करावयाची, काम शोधत असल्याचे सांगावयाचे आणि भत्ता तुटपुंजा. डॉक्टरने आजारी ठरविले तर भत्ता अधिक, आणि जाच कमी. सरकारलाही ते सोयीचे होते, कारण आजारी माणूस बेकारांच्या यादीत मोजला जात नाही.

हे वाचून ‘म्हणजे ही मंडळी सोंग करीत होती’ असा निष्कर्ष कोणी काढील. ब्रिटनमधील काही वर्तमानपत्रांनी तो काढलाही. तो बरोबर नाही. वीस-पंचवीस वर्षे धुळीत काढलेल्या माणसाच्या छातीत धाप असते, गुडघे झिजलेले असतात, यंत्राच्या थरथरीने बोटे पांढरी पडून बधिर झालेली असतात. खाण चालू होती तेव्हाही ती तशीच होती. फरक असा की खाण आपल्या जायबंदी माणसाला सांभाळून घेत असे. धाप लागू लागली की त्याला वर आणून दिव्यांच्या खोलीत, आंघोळीच्या जागी, कोळसा निवडण्याच्या पट्ट्यावर हलके काम दिले जाई. तो पगार घेई, पाळीला जाई, आणि कोणी त्याला आजारी म्हणत नसे. खाण गेल्यावर बाहेरचा कोणता मालक पन्नाशीतला, दमेकरी, एकाच धंद्याचा माणूस ठेवील? आजार खाणीने दिला होता आणि तो झाकला होताही खाणीनेच.

पुढे न्यायालयानेही हे मान्य केले. जानेवारी १९९८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने फुप्फुसाच्या रोगांबद्दल ब्रिटिश कोल ही संस्था जबाबदार आहे असा निर्णय दिला. बोटांच्या विकाराचा निर्णय त्याच सुमाराचा. या दोन्हींखाली मिळून साडेसात लाखांहून अधिक दावे दाखल झाले. पैसे हाती येईपर्यंत बरेच दावेदार वारले होते, आणि काही वकिलांनी सरकारकडून फी मिळत असतानाही अशिलांच्या रकमेतून कपात केली, म्हणून त्यांच्यावर कारवाई झाली. निवृत्तिवेतनाच्या निधीचेही असेच. १९९४ पासून त्या निधीतील वाढाव्याचा निम्मा भाग हमीच्या मोबदल्यात सरकार घेत आले. त्यातील राखीव दीड अब्ज पौंड कामगारांना देण्याचा निर्णय होण्यास २०२४ साल उजाडले. तेव्हा संपातला तिशीचा तरुण सत्तरीचा झाला होता.

मुलांचे काय झाले? डर्बीशायरमधील शायरब्रुकची खाण १९९३ साली बंद झाली. त्याच जागेवर पुढे ‘स्पोर्ट्स डायरेक्ट’ या खेळाचे सामान विकणाऱ्या कंपनीचे अवाढव्य कोठार झाले. नोकऱ्या आल्या, तीन हजारांहून अधिक. आकड्यात पाहिले तर भरपाई झाली असे कोणी म्हणेल. परंतु बहुसंख्य माणसे मजूर पुरविणाऱ्या एजन्सीमार्फत घेतलेली, त्यांतही बरीच पूर्व युरोपातून आलेली, आणि तासांची हमी नाममात्र. २०१६ साली पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली तेव्हा पाळी संपल्यावरच्या झडतीत जाणाऱ्या वेळेचा पैसा दिला जात नाही आणि त्यामुळे मजुरी कायद्याने ठरलेल्या किमान दराखाली जाते, हे उघड झाले. बापाच्या खाणीत संघटना होती, मुलाच्या कोठारात तिला पाय ठेवणे कठीण. आणखी एक बदल असा की गावातील बाया मोठ्या संख्येने कमावू लागल्या. संपाच्या वर्षात ज्यांनी सार्वजनिक स्वयंपाकघरे चालविली, सभांतून भाषणे केली, त्यांतील काहीजणी पुढे शिकल्याही. पण पुष्कळींना मिळाले ते वृद्धाश्रमातील सेवेचे वा दुकानातील अर्ध्या वेळेचे काम. २०१४ च्या एका पाहणीत कोळसापट्ट्यात काम करण्याच्या वयाच्या दर शंभर माणसांमागे पन्नासच नोकऱ्या आढळल्या. देशाची सरासरी सदुसष्ट होती. खाणी जाऊन तेव्हा वीस-तीस वर्षे झाली होती.

सगळीच कथा अशी उदास नाही. दक्षिण वेल्समधील टॉवर ही खाण १९९४ साली तोट्याची म्हणून बंद करण्यात आली. तेथील २३९ कामगारांनी भरपाईतून प्रत्येकी आठ हजार पौंड काढले, ती खाण विकत घेतली आणि जानेवारी १९९५ मध्ये टायरोन ओसलिव्हन या संघटनेच्या पुढाऱ्याच्या मागोमाग गाणी गात पुन्हा कामावर गेले. ‘तोट्याची’ म्हटलेली ही खाण त्यांनी २००८ पर्यंत, थर संपेपर्यंत, नफ्यात चालविली. तसेच ब्लेनेव्हनची बिग पिट ही खाण १९८० साली बंद झाली आणि १९८३ साली तिचे संग्रहालय झाले. पर्यटकांना पिंजऱ्यातून खाली नेण्याचे काम पूर्वीच्या खाणकामगारांनाच मिळाले. काळोखाचे ज्ञान उपयोगी पडले ते असे, दाखविण्यापुरते.

जर्मनीने निराळी वाट धरली. रूर प्रदेशातील खाणी १९५८ पासूनच अडचणीत होत्या. त्या वेळी पश्चिम जर्मनीत सुमारे सहा लाख कोळसा कामगार होते. सरकार, मालक व संघटना यांनी एकत्र बसून असे ठरविले की कोणालाही रस्त्यावर टाकावयाचे नाही. खाणी एकत्र करून एक कंपनी झाली, एक खाण बंद झाली की माणसे दुसरीत हलविली गेली, जमिनीखाली काम केलेल्यास पन्नाशीत भत्ता देऊन निवृत्त होता येऊ लागले, तरुणांना दुसरा धंदा शिकविला गेला. बोखुम येथे १९६२ साली एका जुन्या खाणीच्या जागेवर ओपेल मोटारींचा कारखाना आला आणि १९६५ साली विद्यापीठ सुरू झाले. शेवटची खाण बॉट्रॉप येथील. ती २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली तेव्हा कामगारांनी कोळशाचा शेवटचा तुकडा राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला. साठ वर्षे लागली आणि खर्च अफाट झाला. तरीदेखील ओपेलचा कारखाना २०१४ साली बंदच पडला, आणि गेल्सेनकिर्खेनसारख्या जुन्या खाणशहरात आजही बेकारी देशातील सर्वाधिकांपैकी आहे. तेव्हा जर्मन पद्धतीने म्हाताऱ्यांची अब्रू राखली, नातवांची सोय लागली असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी ब्रिटन आणि जर्मनी यांत निवड करावयाची तर मी डोळे मिटून दुसरी करीन.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडे १९७१ ते १९७३ या काळात खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ साली नागपूरला मुख्य कचेरी असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली. येथे ब्रिटनसारखा घाव कोणी घातलेला नाही. जमिनीखालची खाण बंद झाली की कायम कामगाराला दुसऱ्या खाणीवर बदलून पाठवितात. बहुधा उघड्या खाणीवर. तेथे खांद्याएवढ्या चाकांचे डंपर आणि राक्षसी फावडी काम करतात, आणि ज्याने छताचा आवाज ओळखण्यात उमर घालविली त्याला डोक्यावर छतच नसलेल्या जागी उभे केले जाते. मागे पडलेली जागा निवृत्तीने रिकामी होते, ती पुष्कळदा भरली जात नाही. कोल इंडियाच्या सर्व कंपन्यांचे मिळून कायम कामगार एके काळी सहा लाखांवर होते, ते आता अडीच लाखांच्या आत आले आहेत. कोळसा मात्र कितीतरी पटीने अधिक निघतो, कारण माती काढणे, वाहतूक करणे ही कामे ठेकेदाराकडे गेली आहेत. ठेकेदाराच्या ट्रकवरचा मुलगा खाणकामगार म्हणून मोजला जात नाही. म्हणून खाण बंद होईल तेव्हा तो बेकार झाला असेही मोजले जाणार नाही. ब्रिटनमध्ये माणसे आजाऱ्यांच्या यादीत लपली. आपल्याकडे ती आधीपासूनच कोणत्या यादीत नाहीत.

शिवाय आपल्याकडे एक गोष्ट आहे जी यॉर्कशायरमध्ये नव्हती. येथे खाणीतील कित्येक नोकऱ्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या आहेत. बापाची कापसाची काळी जमीन खाणीत गेली आणि एका मुलाचे नाव हजेरीपटावर आले. पगार चांगला, क्वार्टर, दवाखाना, गावात मान. पण नोकरी साठीला संपते. जमीन असती तर साठीला संपली नसती, वाटणी होऊन का होईना पुढे गेली असती. नोकरीची वाटणी होत नाही. धाकट्या भावाचा मुलगा आमच्या वर्गात बसून बी.ए. करीत असतो, आणि काकांच्या निवृत्तीनंतर क्वार्टर सोडल्यावर घर कोठे बांधावयाचे, याची चर्चा त्याच्या घरी चाललेली असते.

खाण बंद करताना काय काय करावयाचे याची तत्त्वे केंद्र सरकारने २००९ साली प्रथम ठरवून दिली, पुढे त्यांत सुधारणाही झाल्या. खड्डा कसा भरावा, ढिगाऱ्यावर झाडे कशी लावावीत, पाण्याचे काय करावे, हे त्यांत आहे. त्यासाठी खाणीने बँकेत वेगळा पैसा ठेवावयाचा असतो. तो किती, हे त्या वेळी ठरविताना उघड्या खाणीसाठी सहा लाख रुपये आणि जमिनीखालच्या खाणीसाठी एक लाख रुपये असा दर धरला होता. हा दर दर हेक्टरी होता.